व्याह्यांच्या पिकअपचे दिवे

माझ्या व्याह्यांइतका चौकस माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला दया येते. माझी धाकटी लेक त्यांच्या घरी दिली त्याला अठरा वर्षं झाली. मुलगी बघायला आले तेव्हा पोह्यांच्या बशा फिरल्या, लेक खाली मान घालून बसली, बाकीच्यांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक असं सगळं विचारून घेतलं, आणि मुलाचे वडील कुठं दिसेनात. शोधलं तर विहिरीवर. आमच्या मोटारीला कान लावून बसलेले. "विहीणबाई, हिचं बेरिंग जायला आलंय," म्हणाले. तोवर मी कुणाची विहीण झालेही नव्हते. चार दिवसांनी त्यांचा होकार आला आणि आठव्या दिवशी बेरिंग गेलं. माझे मालक तेव्हा होते. ते म्हणाले, माणसाचा शब्द खरा होतो, लेक द्यायला हरकत नाही.

असं त्यांचं प्रत्येक ठिकाणी. कुणाच्या तेराव्याला गेले तरी आचाऱ्याजवळ उकिडवे बसून भट्टीला हवा कुठून लागते ते विचारतील. डॉक्टरनं गोळी दिली तर आधी ती फोडून आत काय आहे ते बघतील, मग उरलेली चाटतील. लातूरला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लोक मोसंबी घेऊन आले, हे हात हलवत आले आणि म्हणाले, "जुनं भिंग काढलं ते कुठं टाकलं? मागून घ्यायचं की! मला बघायचं होतं." मी म्हटलं, "पाव्हणं, ते माझं होतं. तुमचं काढतील तेव्हा डबीत भरून आणा." त्यांना राग आला नाही. त्यांना राग येतच नाही. डोक्यात दुसरा प्रश्न सुरू असतो.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी पिकअप आहे. आसपासच्या शेतांतली भाजी भरून पहाटे लातूरच्या बाजाराला न्यायची, हा त्यांचा धंदा. आमचं घर फाट्यावरच आहे, त्यांच्या गावापासून तीन कोसांवर. माझी कोथिंबीर आणि मेथी त्यांच्याच गाडीत जायची, आणि अडत्यावर माझा भरवसा नसल्यामुळं मीही जायची. पावणेपाचला मी जुड्या घेऊन रस्त्याला उभी राहायची. लांबच्या वळणावरून त्यांचा उजेड यायचा आणि दोनदा खाली वाकायचा. डिपर द्यायचे मला. एकदा मी विचारलं, मी काय समोरून येणारा ट्रक आहे का? तर म्हणाले, "डिपर म्हंजे रामराम असतो, विहीणबाई. समोर मानूस आला की आपला उजेड खाली घ्यायचा." एसटीला देतात, टेम्पोला देतात, बैलगाडीला देतात, पायी जाणाऱ्याला देतात. लिंबाखाली बांधलेल्या रेड्याला दिलेलाही मी बघितला आहे. लोक हसतात. हसू देत. निलंग्यापासून लातूरपर्यंत समोरच्याचे डोळे जपणारा हा एकच माणूस मला ठाऊक आहे.

पण उजेड खाली घेऊन घेऊन एक दिवस खालीच जायची वेळ आली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखाना चालू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. त्यांतली एक पंक्चर होऊन वळणावरच उभी. मागं दिवा नाही, दगड नाही, झाडाची फांदीसुद्धा नाही. काळोखात काळा ऊस. आम्हाला ती दिसली तेव्हा उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, काचेला घासायला लागली होती. व्याह्यांनी ब्रेक मारला, कोथिंबीर रस्ताभर झाली, आणि माझा पुढचा दात समोरच्या फळीवर आपटून पडला. व्याही खाली उतरले. मला वाटलं मला बघतील. ते पावलं मोजत ट्रॉलीपासून मागं चालत गेले. परत येऊन म्हणाले, "उजेड लई जवळ पडायलाय आपला."

माझा जावई फारसं बोलत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि बापाला सांगितलं, "आप्पा, पुढचा हंगाम लागायच्या आत गाडीचे दिवे नीट करा. न्हाई झाले तर चावी माझ्याकडं द्या. पहाटंची खेप बंद." पण त्या माणसाच्या हातातली पहाटेची खेप काढली तर त्याच्याकडं राहतं काय? दिवसभर ओट्यावर बसून सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, कुकरची शिटी का वाजते ते विचारणं. लेकीसाठीही मला ते परवडणारं नव्हतं.

मग बल्ब शोधणं सुरू झालं. दुसरा कुणी दुकानात जाऊन दोन बल्ब घेऊन आला असता. ह्यांनी मुरुडपासून जळकोटपर्यंत गाड्यांच्या सामानाचं एक दुकान सोडलं नाही. एका दुकानदारानं बजावलं, बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागून काच तापते आणि बल्ब जातो. व्याह्यांनी ते ऐकलं आणि घरी येऊन एक बल्ब रुमालात धरून बसवला, दुसरा केसांवरून हात फिरवून मग बसवला. महिन्याच्या आत तेलाचा बल्ब गेला. लग्नाची पत्रिका द्यावी तशी त्यांनी ही बातमी दहा गावांना दिली, आणि त्या आनंदात आठ दिवस एकाच डोळ्यानं गाडी चालवली.

ह्या धांदलीत मी कशी सापडले ते सांगते. त्यांना बल्ब पारखायला माणूस हवा होता. "तुमचे डोळे नवे हायत," म्हणाले. दिवेलागण झाली की पिकअप आमच्या खळ्यावर आणायची, मला पन्नास पावलांवर पोत्यावर बसवायचं, समोर सुपात तुरीची डाळ. डाळीत खडे त्यांनी स्वतः मोजून टाकलेले, एकवीस. गाडीच्या उजेडात मी खडे निवडायचे. ज्या बल्बात जास्त खडे सापडतील तो बल्ब चांगला. मी म्हटलं, "रस्त्यावर तुम्हाला डाळ निवडायची आहे का?" तर म्हणाले, "ज्याला खडा दिसला त्याला ट्रॉली दिसंल." खरं सांगते, पहिल्या दिवशी मी रागानं बसले होते, दुसऱ्या दिवशी मलाच बघावंसं वाटायला लागलं. कंपनीच्या पिवळ्या बल्बात तेरा खडे सापडले. मग त्यांनी नव्वद-शंभर वॅटचा म्हणतात तो जोरकस बल्ब लावला. सतरा सापडले, पण अठरावा शोधता शोधता रबर जळाल्याचा वास आला. बल्बाचा होल्डर वितळला होता. व्याही वास घेत उभे राहिले, जसं काही कुणी अत्तर लावलं आहे.

तिसरा पांढरा, एलईडीचा. हल्ली सगळे लावतात तो. लावला आणि खळं दुधासारखं झालं. एकवीसच्या एकवीस खडे मी निवडले, वर डाळीतली एक अळी काढली. म्हटलं, झालं, हाच घ्या. तेवढ्यात व्याही माझ्या मागं बघायला लागले. खळ्याच्या टोकाला, उजेड पुरत नव्हता तिथं, माझी म्हैस बांधलेली होती. म्हैस दिसत नव्हती. तिचे दोन डोळे मात्र इंगळासारखे चमकत होते. "हे पिवळ्यातबी चमकत होते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चमकत होते, रोजच चमकतात. "म्हैस दिसंना आन् डोळे दिसायलेत. आसं कामून?" मी म्हटलं, म्हशीला विचारा. ते खरंच तिच्याजवळ जाऊन बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

मग म्हणाले, आता उलटी परीक्षा. मी गाडीत बसायचं, ते समोरून सायकलवर येणार, ते जवळ आले की मी डिपर द्यायचा. मी स्टेअरिंगपुढं बसले ती जन्मात पहिल्यांदा. "पायानं कायबी दाबू न्हका," एवढंच शिक्षण मला मिळालं. ते लांबून सायकल मारत आले, मी दांडी ओढली, आणि आमचे व्याही सरळ बांधावरून बाभळीच्या काट्यात गेले. धोतराचा सोगा तिथंच राहिला.

"डिपर द्यायचा ना!" काट्यातून आवाज आला.

"दिला होता की!"

काट्यात खसफस झाली. मग, "दिला होता? मला कळलाच न्हाई."

बाहेर आले ते काटे काढायच्या आत म्हणाले, "हा बल्ब नगं. उजेड खाली घेतला काय आन् वर धरला काय, समोरच्याला दोन्ही सारखेच. आपुन रामराम करायचा आन् त्याच्या डोळ्यात मूठभर चटणी जायची." मी चिडले. म्हटलं, "पाव्हणं, समोरच्याचं राहू द्या. माझा एक दात गेलाय. पुढच्या वेळी तुम्ही गेलात तर माझी लेक कुणाच्या तोंडाकडं बघंल? पोरानं हंगामापर्यंत मुदत दिलीय. पांढरा लावा आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "समोरून येनाराबी कुनाचा तरी व्याही असतो." आणि सायकल ढकलत निघून गेले. दोन दिवस त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. लेकीचा फोन आला, आई, मामंजींना बरं नाही का?

तिसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी लग्नाचं सामान गाडीत घालून नांदेडला गेले. तिथं त्यांना एक म्हातारा वायरिंगवाला भेटला. त्यानं बल्बाकडं बघितलंच नाही. अख्खा दिवा खोलून हातात घेतला आणि म्हणाला, "बल्ब की क्या गलती जी, अंदर की कटोरीच काली पड़ गई." दिव्याच्या आतली चकचकीत वाटी धुरकटलेली, वरची काच डोळ्यावर पडदा यावा तशी पिवळी पडलेली. त्यानं दोन्ही दिवे नवे बसवले, वायर जाड टाकली, मध्ये रिले म्हणून एक डबी लावली आणि त्यात बल्ब घातला तो कोणता? कंपनीचा. पिवळा. पहिला. दोन महिने माझ्याकडून डाळ निवडून घेतली ती ह्यासाठी.

खळ्यावर पुन्हा बसले. एकोणीस सापडले. जावईही बघायला आला होता. तो म्हणाला, "उजेड बरा झालाय. पन ट्रॉली काळी, ऊस काळा, आन् पहाट काळी. दोन खडे राहिलेच की, आप्पा." खरं होतं. कारखान्याची मोळी, म्हणजे गाळपाचा मुहूर्त, दोन दिवसांवर आला होता. मला वाटलं, झाली खेप बंद.

दुसऱ्या दिवशी व्याही मला लातूरहून परत आणताना गाडी सरळ कारखान्याकडं घेऊन गेले. फाटकाबाहेर रिकाम्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. व्याह्यांनी सीटखालून लाल रेडियमच्या पट्टीचं भेंडोळं काढलं, कात्री काढली, आणि पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला पट्टी चिकटवायला लागले. उजवीकडं एक, डावीकडं एक. मी खिडकीतून ओरडले, "काय करायलाव हे?" मागं न बघता म्हणाले, "ट्रॉलीला डोळे बसवायलोय. म्हशीला असतात, हिला न्हाईत."

ट्रॅक्टरवर पाय पसरून बसलेला एक ड्रायव्हर हसला. "आजोबा, माझ्या गाडीला कुंकू लावायलाव का?"

"कुंकूच हाय," व्याही म्हणाले. "हितं लावलं म्हंजे दुसऱ्या कुनाचं पुसत न्हाई."

असली बोलणी मला आवडत नाहीत. माझं पुसून नऊ वर्षं झाली आहेत. पण तो ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं पट्टीचं दुसरं टोक धरलं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो. शेवटी शेवटी कात्री माझ्या हातात होती, ती कशी आली ते मला सांगता येणार नाही.

हंगाम लागला. चौथ्या दिवशी पहाटे जावई गाडीत येऊन बसला. व्याही, मी आणि तो. दात पडला ते वळण यायच्या कितीतरी आधी, लांब काळोखात दोन लाल ठिपके चमकले. ट्रॉली दिसत नव्हती, ऊस दिसत नव्हता, डोळे दिसत होते. व्याह्यांनी सावकाश वेग कमी केला, बाजूनं गाडी काढली, आणि काढता काढता डिपर दिला.

जावई म्हणाला, "आप्पा, तिथं कुनी न्हाई. उभी ट्रॉली हाय ती."

"मानूस असतोच की कुठंतरी," व्याही म्हणाले.

संध्याकाळी जावयानं चावी खुंटीला अडकवली आणि बापाला म्हणाला, "सकाळी निघताना मला उठवू न्हका." लेकीनं मला हे फोनवर सांगितलं. आमच्या जावयाकडून ह्याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

व्याही अजून जातात. सीटखाली पट्टीचं भेंडोळं असतं आणि आता मुरुडपर्यंतच्या ट्रॉल्यांना डोळे आहेत. मी जात नाही. गुडघे गेले, कोथिंबीर लावणं सोडलं, गेल्या दिवाळीपासून फाट्यावर उभीही राहत नाही. तरी पावणेपाचला वळणावरून उजेड येतो, खिडकीतून माझ्या खोलीच्या भिंतीवर चढतो, आणि दोनदा खाली वाकतो. एकदा मी त्यांना म्हटलं, फाट्यावर कुणी नसतं, उगाच कशाला दांडी झिजवता? त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या कवळीला आतून तार असते का ते विचारलं.

मी उठत नाही. पण तेवढ्या वेळेला जागी असते.