लेकुरवाळी मरळ

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. वेलांटी पहिली की दुसरी हे मला अजून ठरवता येत नाही, आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. लेकीच्या जुन्या वह्यांमागं कोरी पानं उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. कुणाला दाखवायचं नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. कागद तेवढा थांबतो.

माझं माहेर आणि सासर, दोन्ही घरं मासे धरणारी. धारूरच्या डोंगराखाली आमच्या गावाचा पाझर तलाव आहे. एका वर्षी आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याचा ठेका घेतला. ठेक्यालाच सगळे पैसे गेले, मग बोटुकली कशानं आणायची? बोटुकली म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू. पावसाळ्यात ते तलावात सोडायचं आणि उन्हाळ्यात मोठा मासा काढायचा.

बोटुकलीचे पैसे माझ्या थोरल्या बहिणीनं दिले. आक्का चौसाळ्याला असते. नवरा गेल्यापासून दिराच्या घरात राहते. तिच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोन शेळ्या होत्या. त्यांचं दूध आणि करडं विकून ती आपलं औषध, चहापत्ती, लुगडं भागवायची. जावेपुढं हात पसरत नव्हती. त्या दोन्ही शेळ्या तिनं विकल्या.

"उन्हाळ्यात मासे निघाले की दे," ती म्हणाली. "त्याच्या पुढं लांबवू नगंस. न्हाईतर डोकं दुखायच्या गोळीला बी जावंला इचारावं लागंल."

श्रावणात तलावाच्या कडेला पाणी तांबूस दिसायला लागलं. ती मरळीची पिल्लं होती, लाल शेवयांसारखी, झुंडीनं वर तरंगणारी. त्यांच्या खाली काळी सावली फिरत होती, ती मरळ. मालकांनी लगेच जाळं खांद्यावर घेतलं.

"ही बया आपली बोटुकली खाऊन टाकंल. आत्ताच काढतो."

"लेकुरवाळी हाय ती," मी म्हणाले.

"मासा हाय मासा."

"लेकुरवाळी मरळ धरत न्हाईत. बा म्हणायचे."

"तुझ्या बाचा तलाव हाय का ह्यो? ठेका माझा हाय."

पण त्यांनी जाळं खाली ठेवलं. मी सहसा उलटून बोलत नाही, म्हणून असेल. पुढं कितीतरी दिवस जेवताना त्या मरळीवरून टोमणा ठरलेला. "तुझ्या जाऊबाईनं आज आपली किती पोरं खाल्ली, इचारून ये की." लेक हसायची. मीही हसायची, पण मनात आक्काच्या शेळ्या असायच्या. खरंच खाल्ली तर?

पाऊस त्या वर्षी अर्ध्यातच परतला. संक्रांतीनंतर पाणी असं हटायला लागलं की कालचा काठ आज कोरडा. लेकीला शाळेत तेव्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा धडा होता. मी भाकरी करताना ती मला वाचून दाखवायची. मासे, बेडूक, साप-सरडे, पक्षी आणि दूध पाजणारे, असे पाच वर्ग. आमच्या तलावावर ते पाचही होते. पाणी कमी झाल्यावर कोण काय करतं, ते मी रोज बघत होते.

आधी बगळे आणि पाणकावळे वाढले. पाणी उथळ झालं की त्यांचं फावतं. पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, म्हणून अंग हलकं, असं लेकीच्या पुस्तकात होतं. मला वाटायचं, ह्यांना काय, इथलं सरलं की दुसरं तळं बघतील. घोरपड भर उन्हात दगडावर पडून असायची. तिच्या जाड खरबरीत कातडीतून पाणी बाहेर जात नाही म्हणे. शेजारच्यांची म्हैस मात्र दुपारी पाण्यावाचून हंबरायची आणि तिचं रेडकू तिच्या आचळाला ढुशा देत राहायचं. गावकरी ट्रॅक्टर लावून कोरड्या भागातला गाळ काढत होते, मीही जायचे. माझ्या फावड्याखाली एक बेडूक निघाला. डोळे मिटलेला, मेल्यासारखा. हातावर घेतला तर गळा बारीक हलत होता. पाणी येईपर्यंत तो असाच पडून राहणार होता. मी खड्डा करून त्याला परत पुरला. वर पदरानं वारा घातला, का ते ठाऊक नाही.

माशाला यातलं काहीच येत नव्हतं. त्याला उडता येत नाही, गाळात झोपता येत नाही. उरलेल्या पाण्यात तो गोल गोल फिरत होता.

"आता काढू या," मी मालकांना म्हणाले.

"पाऊण किलोचा मासा कोण घेतंय? व्यापारी म्हणतो किलोचा होऊ द्या, मग भाव देतो. अजून थोडं थांबू."

एका संध्याकाळी आभाळ भरून आलं. वारा पडला, घामानं जीव नकोसा झाला. लेक वाचत होती, "मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते घेतात." पुढं तिनं शीतरक्ती हा शब्द वाचला.

"म्हंजी काय?" मालकांनी विचारलं.

"बाहेर जसं गार-गरम, तसंच त्यांचं अंग. आपलं तसं नसतं."

"तुझी आई हाय तशी. घरात काय बी होऊ दे, गारच."

लेक हसली. मी तवा उतरवला. पाण्यातली हवा कमी झाली तर मासा काय करतो, हे त्या धड्यात नव्हतं आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

सकाळी तलावावर गेलो तर सगळं पाणी तोंडांनी भरलेलं. रोहू, कटला, मिरगल, सगळे वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. हवा तोंडापाशी होती, पण त्यांना ती घेता येत नव्हती. मालक कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि हातानं पाणी उडवायला लागले, जणू तेवढ्यानं हवा मिसळेल. मी आणि लेक घागरीनं पाणी उपसून वरून ओतत राहिलो. ऊन वर येईपर्यंत पांढरी पोटं दिसायला लागली. व्यापाऱ्याला फोन केला. मेलेला मासा नको म्हणाला. गावातली माणसं टोपल्या, बादल्या घेऊन आली. पैशाचं नाव कुणी काढलं नाही, आम्हीही मागितले नाहीत.

"दादा, वाईट झालं बगा," एक म्हातारा बादली भरता भरता म्हणाला. मालक बांधावर बसून होते.

मला फक्त आक्का दिसत होती, जावेच्या दारात उभी.

माणसं गेल्यावर लेक पाण्याकडं बोट करून म्हणाली, "आई, ते बघ." मेलेल्या माशांमधून एक काळं तोंड वर आलं, हवेचा घोट घेतला आणि खाली गेलं. थोड्या वेळानं पलीकडं दुसरं आलं. मरळी होत्या. श्रावणातली ती लाल पिल्लं, आता हाताएवढी. मरळीला कल्ले असतातच, पण ती वर येऊन तोंडानं हवाही घेते. हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्या सकाळपर्यंत त्याची किंमत कळली नव्हती.

"पुस्तकात लिहिलंय, मासे अंडी घालून निघून जातात," लेक म्हणाली. "मग ही मरळ पोरं कशापायी राखते?"

"मला काय ठाऊक. परीक्षेत काय लिहिणार?"

"पुस्तकातलंच. न्हाईतर मार्क जातील."

मालकांनी दोन दिवस गाळात उतरून मरळी धरल्या. ओल्या पोत्यांत आणि पाण्याच्या पिंपात घालून जिवंत बीडला नेल्या. आजारातून उठलेल्यांना लोक मरळ खाऊ घालतात, म्हणून भाव चांगला आला. परत आल्यावर त्यांनी पैसे माझ्यापुढं ठेवले. जाऊबाईचा टोमणा त्यानंतर कधी मारला नाही. त्या दिवसापासून घरात बोलणंच कमी झालं.

ते पैसे आक्काचं निम्मं देणं फेडण्याइतकेच होते. उरलेल्यासाठी मालक बाहेरगावी दुसऱ्याच्या तलावावर राखणीला राहिले आणि मी खुरपायला जात राहिले. दोन पावसाळे गेले. मधे एकदा आक्काला भेटले तेव्हा ती जावेला विचारून मला चहा करत होती. साखर किती घालायची तेही विचारत होती. मी तो चहा कसा प्यायले, माझं मला माहीत.

यंदा दिवाळीनंतर शेवटचे पैसे जमले. मांजरसुंब्याला गाडी बदलून चौसाळ्याला गेले. आक्का ओट्यावर बसली होती. मोतीबिंदूनं एका डोळ्यानं नीट दिसत नाही तिला आता. शेळ्यांच्या दावणीच्या खुंट्या तशाच होत्या, त्यांवर गोधड्या वाळत घातल्या होत्या. मी पदराची गाठ सोडून पैसे तिच्या हातात दिले.

"फिटले का गं सगळे?"

"फिटले आक्का. आता शेळ्या घे."

"त्यांच्यामागं कोण पळतंय आता," ती म्हणाली. तिनं नोटा दोन्ही हातांत धरल्या. मग आत हाक मारली. जाऊ बाहेर आली. आक्कानं सगळे पैसे तिच्या हातावर ठेवले.

"राहू दे तुझ्यापशी," तिला म्हणाली. "लागतील तसं मागून घेईन."