शेवंतीचा हात

आमचे हे लिफ्टमन होते आणि लिफ्टला भ्यायचे. अंधेरीच्या एका इमारतीत उभा जन्म लोकांना वरखाली नेण्यात गेला, पण लाइट गेली की अडकलेल्या माणसांआधी यांचीच रामरक्षा सुरू व्हायची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचे. साखरेने पायाला जखम झाली, तर डॉक्टर कापतील म्हणून तीही लपवली. कांदिवलीच्या उकाड्यात घरात मोजे घालून बसणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

या भित्रेपणाचं मूळ सगळ्या घराला ठाऊक होतं. लहानपणी गावी, कुडाळकडे, धाकट्या बहिणीला घेऊन हे जत्रेहून रानातून परतत होते. अंधारात वाट चुकली. झाडीत काहीतरी खसफसलं आणि हे शेवंतीचा हात सोडून पळाले. ती सकाळी सापडली, तापाने फणफणलेली, आणि चार दिवसांत गेली. सासूबाई यांना कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत. पण मरेपर्यंत कुठल्याही पोराचा हात त्यांनी यांच्या हाती दिला नाही. आमच्या सुयोगला रस्ता ओलांडतानाही त्याच धरायच्या.

शेवटी पाय काळा पडला. बोरिवलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "विष रक्तात गेलंय. पाय आजच कापला नाही तर माणूस राहणार नाही." तोवर यांचं भान सुटलं होतं. ऑपरेशनचा गाऊन अंगावरून ओढू लागले. फाडतायत असं वाटून सिस्टर हात बांधायला निघाली. मी तिला थांबवलं, कारण हे तो उलटा करू पाहत होते. आमच्याकडे रानात चकवा लागला, वाट सापडेना, की अंगातला कपडा उलटा करून घालतात. मी गाऊन उलटा करून घातला. सिस्टरने कपाळाला हात लावला. हे मात्र शांत झाले आणि माझा हात घट्ट धरून म्हणाले, "शेवंते, भियाव नको. मी आसय."

वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकलत नेलं. मी हात धरून बाजूने पळत होते. मला हॉस्पिटलचा बोळ दिसत होता, यांना रान आणि वाटेतला ओढा.

"व्हाळ इलो. पाय उचल." थोडं पुढे गेल्यावर समोरून पांढऱ्या कोटातले डॉक्टर आले. "तेच्याकडे बघू नको. माझ्या मागे ऱ्हव."

दात वाजत होते, अंग थरथरत होतं, घामाने उशी भिजली होती. तरी हे मला मागे घालून पुढे निघाले होते. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला मी असं पाहिलं नव्हतं. मला रडू कोसळलं.

थिएटरच्या दाराशी घोळ झाला. मला आत सोडेनात आणि हे मला सोडेनात. सुयोगने बोटं सोडवून पाहिली. "बाबा, सोडा ना, उशीर होतोय."

"नाय," हे म्हणाले. "एकदा सोडलेलंय."

डॉक्टर म्हणाले, "आता थांबता येणार नाही, मावशी." मग मी वाकले. नवऱ्याला दादा म्हणायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"दादा, घर इला," मी म्हटलं.

"खरां?"

"व्हय. दिवो दिसता. आवस दारात उभी आसा."

यांनी आई दिसल्यासारखं दारावरच्या दिव्याकडे पाहिलं आणि पकड सैल केली. "जा तू घरात," म्हणाले. "आवशीक सांग, मिया हात सोडूक नाय."

पाय गेला. संध्याकाळी हेही गेले.

दिवसांना जमलेले नातेवाईक म्हणाले, "भित्रा होता बिचारा, पण सज्जन." तोंड सांभाळून बोला, म्हटलं मी. सासूबाई आज असत्या तर त्यांच्यासमोर उभं राहून मी यांचा निरोप सांगितला असता. आणि आपला मुलगा भित्रा नव्हता, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिथून हलले नसते.