दलदलीतली तुटक रेघ

ल्युसियाँ गोव्रो माझ्या बहिणीचा नवरा. सव्वीस उन्हाळे त्याने आबितिबीच्या रानात दगडांचे नकाशे काढणाऱ्या तुकडीची होडी वल्हवली आणि दगड फोडले. शाळा सहावीपर्यंत. पण दगड त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. हे मी नात्यातला म्हणून सांगत नाही. एरवी त्याचं-माझं फारसं पटायचं नाही.

आमच्याकडचा लाव्हा जमिनीखाली इतका दाबला, ताणला, भाजला गेलाय की जिकडेतिकडे एकच हिरवा दगड. त्यात दोन निरनिराळे गट आहेत, हे शिकलेल्यांनाही चटकन दिसत नाही. ल्युसियाँ ताजा तुकडा फोडायचा, सरळ जिभेने चाटायचा आणि भिंग लावायचा. ओल्या दगडात कणीएवढे पांढरे ठिपके दिसले की उत्तरेचा गट, नाहीतर दक्षिणेचा.

दोन्हींच्या मध्ये सहा किलोमीटर दलदल, दगड सगळा चिखलाखाली. नकाशाचा धर्म असा की सीमेवर पाय ठेवला असेल तर सलग रेघ, अंदाज असेल तर तुटक. ल्युसियाँने वहीत तुटक ओढली. तुकडीचे प्रमुख, डॉक्टर प्रोव्हाँशे, वैतागले.

"तुटक बघून खाणवाले काय म्हणतील? घाबरलास होय रे?"

"घाबरलो नाही, साहेब. बघितलं नाही."

"मग गप बस. ज्याला कळतं तो ठरवेल."

छापताना रेघ सलग झाली. नाव एकट्या डॉक्टरांचं. ल्युसियाँचं नाव तोवर एकाही नकाशावर आलं नव्हतं. त्याची मुलगी मिरेय दर नव्या नकाशाच्या कोपऱ्यात बापाचं नाव शोधायची आणि हिरमुसून घडी घालायची.

अकरा वर्षांनी खाणवाल्यांनी दलदलीत भोकं पाडली. रेघेच्या उत्तरेला पार तीन किलोमीटर आत बिनठिपक्यांचाच, म्हणजे दक्षिणेचा, दगड निघाला. बोंबाबोंब झाली, नवी आवृत्ती निघाली. तिच्या तळाशी छापलं होतं : ‘मागील आवृत्तीतील दलदलीची सीमा – ल्युसियाँ गोव्रो यांच्या नोंदींनुसार.’ सव्वीस वर्षं न आठवलेलं नाव खापर फोडायला मात्र बरोबर आठवलं. या धंद्यातल्या प्रत्येकाला त्या ओळीचा अर्थ कळला. माझं तर डोकंच फिरलं.

"तुझी वही काढ," मी म्हटलं. "तुटक रेघ दाखव त्यांच्या तोंडावर."

"वह्या ऑफिसात जमा करतात. मागितली. सापडत नाही म्हणाले."

मिरेयला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने तो नकाशा चौकटीत बसवून घेतला आणि स्वयंपाकघरात, बापाच्या खुर्चीसमोर टांगला. शेजारणींना हात धरधरून आणून ती तळची ओळ वाचून दाखवत होती. ल्युसियाँ खाली मान घालून वाटाण्याचं सूप पीत होता.

ती शेजारणींना पोचवायला दारापर्यंत गेल्यावर मी दात-ओठ खात म्हटलं, "सांग ना तिला."

"सांगायला गेलो होतो काल," तो म्हणाला. "तर ती नकाशावरची काच पुसत होती."