प्याले धुणारी बाई

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत पावाचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. त्यासाठी बाजारातला द्राक्षारस आम्ही कधी आणला नाही. आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करायच्या आणि पातळ फडक्यातून गाळायच्या. हे काम माझ्या आईकडे होतं. पावाच्या कडा काढून त्याचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे, तेही तिच्याकडे. सकाळी हॉल झाडायचा, मेजावर पांढरं कापड घालायचं, काचेचे इवलेसे प्याले ताटात मांडायचे. इतकं सगळं झालं की पाळकसाहेब उभे राहायचे, शेवटच्या गीताला सुरुवात व्हायची आणि माझी आई चप्पल पायात सरकवून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. आत जे वाटलं जायचं ते तिच्यासाठी नव्हतं. वाटून झालं की रिकामे प्याले बाहेर नळावर यायचे आणि ती ते धुवायची.

हे किती वर्षं चाललं म्हणता? माझे केस पांढरे झाले तोवर.

कारण सांगते. माझे वडील नगरकडचे ख्रिस्ती. तारापूरला अणुविजेच्या प्लांटचं काम निघालं तेव्हा फिटर म्हणून इकडे आले. त्यांची लग्नाची बायको तिकडे गावी होती. ती चार महिने नांदून माहेरी गेली ती परत आलीच नाही, आणि मंडळी काडीमोड देऊ देईना. आई सफाळ्याच्या डोंगराकडची, पावसावरच्या शेतीत पोट भरेना म्हणून माणसांच्या टोळीबरोबर इथे मातीकामाला आलेली. दोघांनी बेटेगावात खोली घेतली आणि संसार केला. त्या संसारातली मी. आईनं बाप्तिस्मा घेतला, तो तिला दिलाही. मेज, म्हणजे प्रभुभोजन, मात्र नाही. का, तर लग्न लागलेलं नाही. लागणार कसं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आणि वडील? त्यांना मिळालं हो! हॉलवरचे पत्रे, नळ, पाइप, सगळं त्यांच्या हातचं. असा माणूस बाहेर ठेवून मंडळीचं चालणार कसं? एका रविवारी ते पुढे उभे राहिले, माझ्याकडून चूक झाली म्हणाले, मान खाली घातली, आणि पुढच्या महिन्यापासून प्याला त्यांच्या हातात आला. त्या दुपारी घरी येऊन ते आईच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण जेवले. मी तेव्हा शाळेत होते. मला वाटलं, चला, सुटले बाबा. चूक कोणाला म्हटलं गेलं, हे कळायला मला फार वर्षं लागली. आईला त्याच दिवशी कळलं होतं.

आता आमच्या तक्त्याबद्दल. मंडळीचे सेक्रेटरी प्लांटमधून रिटायर झालेले, शिस्तीचे, इस्त्रीच्या शर्टाचे. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी बोईसरला स्टेशनजवळच्या दुकानातून एक फ्लेक्स छापून घेतला होता. डावीकडे बायबलचा जुना करार, उजवीकडे नवा, मध्ये बाण. इसहाक स्वतःच्या बलिदानाचं लाकूड खांद्यावर घेऊन डोंगर चढतो, समोर खांद्यावर क्रूस घेतलेला येशू. योना माशाच्या पोटात तीन दिवस, समोर तीन दिवसांची कबर. योसेफाला भाऊ विकतात, समोर शिष्य गुरूला विकतो. नवसानं मूल झालेल्या हन्नाचं गाणं, समोर येशूच्या आईचं, मरियेचं गाणं. संडे स्कूलला तो तक्ता मी शिकवायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. नव्या कराराची माणसं मुळात इब्री, म्हणजे ज्यूंच्या शास्त्रावर वाढलेली, ते त्यांना तोंडपाठ. नवं काही दिसलं की त्यांना त्यात जुनं दिसणारच. आपल्याकडे बारशाला बायका पाळण्यात डोकावून म्हणतात ना, नाक काकाचं, कान आत्याचे, तसंच ते. त्यात प्रेम असतं.

पण पाळण्यातल्या पोराला कोणावर गेलं म्हणायचं, हे म्हणणाऱ्याच्या हातात असतं. तक्त्यात खाली एक ओळ होती. सारा आणि हागार. सारा अब्राहामाची लग्नाची बायको, स्वतंत्र. हागार तिची दासी, तिला अब्राहामापासून मूल होतं आणि मग दोघांना रानात हाकलतात. पुढे नव्या करारातला प्रेषित आपल्या एका पत्रात या दोन बायांचे दोन करार करतो. सारेची लेकरं वचनाची, हागारेची गुलामीची, आणि दासीला बाहेर घालवावं हे जुनं वाक्य तो पुन्हा काढतो. प्रेषिताला कोणाशी कशावरून भांडायचं होतं, ते मी नंतर वाचलं. ज्यूंचं नियमशास्त्र पाळायचं की नाही हा मुद्दा होता, कोणा बाईचा नव्हता. पण आमच्या मंडळीत तो मुद्दा कोणाला हवा होता? त्यांच्याकडे जितीजागती हागार पायरीवर बसलेली होती. सेक्रेटरी काका तिला बाई म्हणायचे, कधी वाईट बोलले नाहीत. त्यांना फक्त तक्ता जुळवायचा होता, आणि तो छान जुळत होता.

आणि ती ओळ पोरांना शिकवली कोणी? मीच. मला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, आणि तरी शिकवलं. टीचर म्हणतात, पुढे बसवतात, त्याची चटक असते. मोठ्या आवाजात मी सांगत होते की दासीचा मुलगा वारस होत नाही, आणि खिडकीपलीकडे आई पाव कापत होती.

त्या दिवशी घरी जाताना शेअर रिक्षात ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. बेटेगावच्या वळणावर म्हणाली, "बाय, त्या बाईला रानात पानी कोनी दिला?"

मी म्हटलं, "देवानं. विहीर दाखवली तिला."

"मग बरा झाला," ती म्हणाली. एवढंच. रागवली नाही, रडली नाही. रागवली असती तर मी उलट चार शब्द बोलले असते आणि विषय मिटला असता. त्या दिवसानंतर मी तो तक्ता पुन्हा लावला नाही आणि जुनं शास्त्र मात्र मुळापासून वाचायला घेतलं.

बाबा केव्हाच गेले होते. मागच्या वर्षी आईला पोटाचा कॅन्सर निघाला. पालघरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घरी न्या, खायला प्यायला जे मागेल ते द्या. आईनं काय मागावं? खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "त्यो रस मना एकदा मेजावरचा पाहिजे. माझ्या हातचा हाय, पन चव माहीत नाय." मी म्हटलं, अगं, इतकी वर्षं गाळतेस, बोटाला लागलेलं कधी चाटलंसुद्धा नाहीस? तर माझ्याकडे असं बघितलं तिनं, जसं मीच काहीतरी घाण बोलले. तिच्या लेखी तो चोरून प्यायचा नव्हता, कोणीतरी हातात द्यायचा होता. बस. एवढंच मागणं, आणि दिवस हातावर मोजण्याइतके.

मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांच्या सभेत गेले. हॉलमध्ये चार खुर्च्या, सेक्रेटरी काका, महिन्यातून एकदा येणारे तरुण पाळकसाहेब आणि मान डोलवायला आणखी दोघं. मी तयारी करून गेले होते. म्हटलं, "काका, तुमच्या तक्त्यात विहीर राहिली."

"कुठली विहीर?"

मी सांगितलं. जुन्या शास्त्रात परका पुरुष विहिरीवर येतो आणि तिथे पाण्याला आलेली बाई भेटते, म्हणजे लग्न ठरलंच. इसहाकाची बायको विहिरीवर सापडली. याकोबाची विहिरीवर. मोशेची विहिरीवर. ऐकणाऱ्याला विहीर म्हटली की पुढचं ठाऊक. आता शुभवर्तमान लिहिणारा येशूला भर दुपारी विहिरीवर बसवतो आणि समोर कोण आणतो? शोमरोनी बाई, ज्यू ज्यांच्या हातचं पाणी पीत नसत त्यांच्यातली. पाच नवरे झालेली, आणि आता आहे तो नवरा नव्हे. जिथे नवरी यायची तिथे ही! लिहिणाऱ्याला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. आधी लग्नाचा दाखला आण, मग पाणी दे, असं म्हणतो का? "हागारही विहिरीवरचीच," मी म्हटलं. "देवाला नाव दिलं तिनं, मला पाहणारा देव म्हणाली. हाकललेल्या दासीनं! ती ओळ कुठे छापलीत?"

माझा आवाज चढला होता. पाळकसाहेब खाली बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते, म्हणजे पटत होतं. मला वाटलं, जिंकले.

सेक्रेटरी काकांनी चष्मा पुसला. "फार सुंदर मांडलंस. आता पुढचं सांग. ती शोमरोनी बाई नंतर काय करते? गावात जाऊन सगळ्यांसमोर साक्ष देते. मी जे केलं ते सगळं त्यानं सांगितलं, म्हणते. लपवत नाही. तसं बाईंनी आपलं कबूल करावं. आम्ही कुठे अडवतोय?"

डोंबल माझं! माझीच विहीर, आणि मलाच तीत ढकललं. जे शास्त्र मी आईसाठी शोधून आणलं, त्यातून त्यांनी दोन मिनिटांत अट काढली. शास्त्र येणारा माणूस दुष्ट असेलच असं नाही, पण त्याच्याकडे उत्तर कायम तयार असतं. मग पाळकसाहेब मध्ये पडले. बाई उठू शकत नाहीत, पुढे उभं राहणं राहू दे, आम्हीच घरी येऊ. एकच प्रश्न विचारू, त्यांनी हो म्हणावं, लगेच प्रभुभोजन देऊ. काका म्हणाले, चालेल. आणि मी, खरं सांगते, हात जोडून आभार मानले. रस्त्यानं जाताना मला पंख फुटले होते. घरी येऊन आईला म्हटलं, मिळालं! रविवारी येतायत!

त्या वेळेस मनुका मी उकळल्या. आईनं खाटेवरूनच सांगितलं, जास्त कुस्करू नको, कडू होतो.

रविवारी उपासना सुटल्यावर दोघं आले. काकांच्या हातात प्रवासाची छोटी पेटी, तिच्यात चार प्याले आणि पावाची डबी बसते. आईला मी धुतलेलं लुगडं नेसवलं होतं, डोक्यावरून पदर दिला होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, प्याला भरला, पावाचा तुकडा बोटांत धरला. आईची नजर त्या प्याल्यावरून हलेना.

काका खाटेशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "बाई, झालं गेलं त्याचा तुम्हाला पस्तावा आहे ना?"

"कशाचा?" आईनं विचारलं.

"लग्नावाचून संसार केलात. त्या सगळ्याचा."

  मी तिचा हात दाबला. "आई, हो म्हण. नुसती मान हलव. तो बघ, समोर आहे."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. माझ्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "त्या सगळ्यात ही पन आली का?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.  पाळकसाहेबांच्या बोटांत तुकडा तसाच होता. अहो, द्यायचा ना तो! पुढे वाकायचं आणि तोंडात ठेवायचा, कोण हात धरणार होतं तुमचा? पण ते काकांकडे बघत राहिले, आणि काका पेटीकडे.

आई म्हणाली, "ही आली तं मना पस्तावा नाय."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण लाज सांगते, मी पुन्हा तिच्या कानाशी लागले. "आई, माझं सोड गं. मी काय मनावर घेत नाही. हो म्हण आणि घे."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पाळकसाहेबांनी तुकडा डबीत ठेवला. काकांनी प्याल्यातला रस बाटलीत परत ओतला, एक थेंब न सांडता, आणि खटके लावून पेटी बंद केली. आम्ही प्रार्थना करत राहू, म्हणाले, आणि गेले.

दार लावून मी आईवरच चिडले. त्यांच्यावर निघायला हवं होतं ते सगळं तिच्यावर काढलं. काय बिघडलं असतं गं? एक शब्द! आयुष्यभर ज्याच्यासाठी पायरीवर बसलीस ते दारात आलं होतं, आणि तू हट्ट केलास. बाबा नाही का बोलले? तू बोलली असतीस तर काय झालं असतं?

 भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "तुला चूक बोलून मी काय पिऊ, बाय?"

ते तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. गुरुवारी ती गेली.