दगडू मिस्त्रीला झोपवायला दर्यावर

जिनिंगमधल्या किश्श्यांचं कापसाच्या तुसासारखं असतं. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा आढ्याला लोंबतंय! मुद्दाम कुणी साठवत न्हाई. चार म्हातारे ओट्यावर बसले की एकाच्या अंगावरचं उडून दुसऱ्याच्या अंगावर. आमच्या जालन्याच्या जिनिंगचे असे पोतंभर किस्से हायेत, पण लोक मला दर्याचेच विचारतात. विचारतात आणि मधी जांभया देतात!

*

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगचं वाफेचं इंजन दगडू मिस्त्री चालवायचा, मी बॉयलरात कोळसा टाकायचो. दिवाळीपासून चैतापर्यंत रात्रंदिवस धडधड. इंजनघरातच दोन घटका पडायचा, तेवढी त्याची झोप. हंगाम संपला, इंजन थंड झालं आणि दगडूचा डोळा लागंना. एक न्हाई, दोन न्हाई, वीस रात्री!

खसखस झाली, तळव्याला कांदा चोळून झाला, हकिमाचं तेल झालं. डोळे असे लाल, की भट्टीचं दार उघडं राह्यलंय. एक दिवस इंजन पुसता पुसता उभ्या उभ्या डुलला आणि चाकावर तोंडघशी पडला. चाक बंद होतं म्हणून हात राह्यला.

शेठनं बोलावलं. "दगडू, दर्याकाठी माझा बंगला हाय. आठ दिवस जा, झोपून ये. घरी आल्यावर बी झोप लागली पाहिजे. न्हाई तर दिवाळीला इंजनावर दुसरा मिस्त्री!"

बाहेर आल्यावर दगडू मला म्हणला, "गड्या, मला दुसरं काय येतं रे?"

मी शेठला तोंडावर बोललो, "झोपायला दर्या कशाला? आमच्या घाणेवाडीच्या तळ्यानं काय पाप केलंय?"

शेठ म्हणला, "तू पण जा."

*

असे आम्ही चौघं निघालो. दगडू, मी, इंजनाला तेल घालणारे उस्मानभाई आणि हिशोबाचे नाना मुनीम. शेठनं सेकंड क्लासची तिकिटं दिल्ती. गादीची फळी, पाय पसरून झोपा! मी रात्रभर काठावर बसून राह्यलो. असल्या गादीवर माणूस झोपला तर उठल्यावर बायको वळखायची न्हाई.

नानांचं निराळंच. उत्तरेला डोकं करून झोपायचं न्हाई, हा त्यांचा नेम. पण गाडी वळून राह्यली! नाना उशी उचलायचे, पायाकडं न्यायचे. गाडी पुन्हा वळली की पुन्हा उशी. औरंगाबादला फलाटावर उतरून त्यांनी ध्रुवतारा बघितला.

"सापडला का?" मी विचारलं.

"सापडला. पण गाडी त्याच्याकडेच चाललीय!"

आणि दगडू? बदनापूर यायच्या आत घोरायला लागला. छोट्या लाईनची गाडी, सगळे डबे खडखड करून राह्यले आणि हा पोरासारखा तोंड उघडं टाकून पडलेला. उस्मानभाईंनी हात वर केले. "या अल्ला, इथंच थांबव आमचा दर्या!"

*

सरहद्दीवर करोडगिरीचा जवान डब्यात चढला. कुणाच्या ट्रंकेत काय माल हाय बघायचं त्याचं काम. त्यानं पत्र्याच्या ट्रंका दणादण आपटल्या, "खोलो, जल्दी खोलो!" म्हणून बोंब मारली. दगडू ढिम्म.

उस्मानभाईंनी जवानाचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "हुजूर, आहिस्ता! बीस रात का जागा आदमी हाय."

जवान भला माणूस. त्यानं बूट काढले. मांजरासारखा चालून राह्यला. माझं धोतर उचललं तेबी फुलासारखं. गाडी उभी, डब्यात चिडीचूप.

दगडू ताडकन उठून बसला. "काय बिघडलं? बंद का पडलं?"

आम्ही तिघांनी त्या बिचाऱ्या जवानाला काय शिव्या दिल्या! उमगलं कुणाला काही? चार डोकी, पण सगळी रिकामी.

*

मनमाडला गाडी बदलली, पुढं आणखी एक बदलली, मंग बैलगाडी. दिवस कलताना शेठच्या बंगल्यावर पोचलो. कौलारू, चार खोल्या, समोर सुरूची झाडं. झाडांच्या पुढं बघतो तर चिखल! मैलभर नुसता काळा चिखल, त्यात खेकडे पळून राह्यले.

मी म्हणलो, "आटला."

नाना म्हणाले, "वैशाख आहे. आपल्या कुंडलिका नदीसारखंच असणार."

बंगला राखायला एक कोळीण होती. बायामावशी. नानांनी तिला सरळ विचारलं, "मावशी, याला पाणी कुठल्या महिन्यात येतं?"

ती चुलीपुढून उठली बी न्हाई. "येल रातच्याला. जेवून घ्या."

अशी म्हणली, जसा पाव्हणा यायचा हाय!

आणि आला. मला गोडगोड सांगता येत न्हाई, पण आला खरा. आधी वास आला, मंग लांब एक पांढरी रेघ, मंग चांदण्यासकट सगळंच जवळ सरकलं. आमच्या पायरीच्या खाली पाणी. मी चिलीम पेटवली होती, ती हातात तशीच विझली.

दगडू ओसरीवर बसल्ता. कान देऊन ऐकत होता. बऱ्याच वेळानं म्हणला, "बराबर चाललंय. फक्त सातवा ठोका जरा ढिला हाय. तेल पाहिजे."

आणि तिथंच आडवा झाला.

*

पाणी मागं सरलं की दगडू जागा. पाणी पुढं आलं की दगडू गार. भरतीची वेळ रोज पुढं सरकते हे आम्हाला कुठं ठाऊक? मंग कधी भर दुपारी हातात घास धरून झोपला, कधी पहाटे उठून "जेवायला वाढा" म्हणाला. नानांनी कागदावर वेळा मांडल्या. बायामावशी म्हणली, "कागुद कशाला? मिस्त्री जांभई देला का मी माझी जाळी वर घेते!"

उस्मानभाईंनीच शेवटी ओळखलं. "मियाँ, ये आदमी को आवाज होना! चुप्पी में नींद नै आती इसकू."

पाचव्या दिवशी मी बी झोपलो. ओसरीवर, दुपारी, अंगावर सुरूच्या काड्या पडत होत्या. जागा झालो तर आपण जालन्यात हाओत का पाण्यात, काहीच कळंना. कळून घ्यायची घाई बी न्हाई वाटली. असं मला त्याच्या आधी कधी झालं न्हाई, नंतरबी न्हाई.

निघायच्या दिवशी दगडू वाळूत बसून राह्यला. "इथं झोपलो, गाडीत झोपन. पण घरी? जालन्यात दर्या कुठून आणू?"



*

घरी आलो तर दगडूच्या बायकोनं, गयावहिनीनं, नवऱ्याला झोप लागावी म्हणून सगळा बंदोबस्त करून ठेवल्ता! कुत्रं बहिणीकडं धाडलं, भांड्यांना चिंध्या बांधल्या, हातातल्या बांगड्या बी वर सारून फडक्यानं बांधल्या. गल्लीत मढं गेल्यासारखी शांतता. आणि दगडू अंथरुणात टक्क उघड्या डोळ्यांनी आढं बघून राह्यलेला.

नाना म्हणाले, "वहिनी, शांतता नको. बोला काहीतरी. एका लयीत, न थांबता."

"काय बोलू? बावीस वर्षं ह्यांनी मला दोन शब्द पुरे बोलू दिले न्हाईत."

"तेच बोला!"

आम्ही घरी गेलो. मला काही चैन पडंना. कोंबडा आरवला तसा उठलो आणि दगडूच्या दारात गेलो. आतून वहिनीचा आवाज येत होता, एकसुरी, संथ. डोकावलो तर दगडू गाडीतल्यासारखा तोंड उघडं टाकून घोरतोय! वहिनी उशाशी बसलेल्या. डोळे तांबारलेले, पण तोंडावर काय तेज!

मी म्हणलो, "वहिनी, झोपला की तो! तुम्ही बी पडा आता."

वहिनीनं हातानंच मला गप केलं.

"मधी बोलू नका भावजी. आत्ता कुठं आमची वरात दारात आलीय!"