जाळरेषेवरचं गवत

सरकारी कुरणाच्या राखणदाराला सगळे 'कुंपण' म्हणायचे, तेही तोंडावर. तारेचं कुंपण कधीच चोरीला गेलं होतं, उरला होता तेवढा हाच. कुठे घंटा किणकिणली की ह्याची मान वर, आणि खर्जात सुरू: "एऽऽ! कुणाचं ढोर? काढ बाहेर, आधी बाहेर काढ!" टपरीवर त्याची हुबेहूब नक्कल व्हायची, हसणाऱ्यांचा चहा सांडायचा. "हसा लेको," तो म्हणायचा, "गवत वाढलं की मलाच हार घालाल."

चरून चरून कुरणाला टक्कल पडलं, म्हणून ऑफिसने ते तीन वर्षं बंद ठेवलं होतं. आता गवत कमरेला लागत होतं. येत्या महिन्यात कुरण उघडणार होतं. राखणदाराची थोरली बहीण त्या दिवसाचीच वाट बघत होती. विकतच्या चाऱ्यापायी तिच्या शेळ्या एकेक करून बाजारात गेल्या, दोनच राहिल्या होत्या.

रस्ता आणि कुरण यांच्या मधे जाळरेषा होती. वणवा आत शिरू नये म्हणून दरवर्षी गवत काढून मोकळा करायचा पट्टा. यंदा मजूर आलेच नाहीत.

"अरे, माझ्या शेळ्या सोड तिथं," जेवायला वाढता वाढता ताई म्हणाली. "तुझं काम होईल, त्यांचं पोट भरेल."

"आणि लोक म्हणतील, कुंपणाच्या बहिणीला वेगळा कायदा."

"मग लोकांच्याही सोड! पट्टा चुटकीसरशी साफ."

"आज पट्टा, उद्या कुरण. नाही म्हणजे नाही, ताई."

"मर मग कापत," ती म्हणाली, आणि न विचारता त्याला आणखी वाढलं.

तो एकटाच विळा घेऊन भिडला. निम्मा पट्टा झाला आणि कंबर धरली. तो घरात आडवा पडला असतानाच भर दुपारी धूर दिसला. रस्त्याकडून कुणाची तरी विडी पडली असावी. कापलेल्या पट्ट्यापाशी आग मुकाट विझली. जिथं गवत उभं होतं, तिथून आत घुसली. फांदीने झोडपता झोडपता त्याच्या भुवया जळाल्या. संध्याकाळपर्यंत कुरण गेलं, मागचं जंगलही गेलं.

साहेबांचा फोन आला. "कुरण पुन्हा तीन वर्षं बंद. लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी तो राखेच्या कडेला, 'कुरण बंद'च्या पाटीखाली बसला होता. समोरून ताई आली, दोन्ही शेळ्या दोरीला. बाजाराची वाट तिथूनच जायची. जुन्या वासाने की कशाने, शेळ्या कुरणाकडे ओढायला लागल्या. तो सवयीने उठला. "एऽऽ..." आणि समोरची राख बघून थांबला.

पुढचं ताईनेच म्हटलं, त्याच्याच खर्जात, हुबेहूब. "काढ बाहेर, आधी बाहेर काढ."

कुणीच हसलं नाही. तिने दोरीला हिसका दिला आणि मागे न बघता चालू लागली. तो परत पाटीखाली बसला. राखेवर लक्ष तर ठेवायचंच होतं.