आमचा ट्रक मिलिटरीत गेला तो दिवस

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि त्यांच्या विटा मी वाहत होतो. साताऱ्याकडून येऊन चिंचवडला एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. क्लीनर माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, चिंचवड गावातलाच शेतकरी. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला वस्ताद.

दर सोमवारी आम्ही ट्रक पवना नदीत उतरवायचो आणि गुडघाभर पाण्यात उभा करून काथ्याने घासायचो. मामा म्हैस धुवावी तसा ट्रक धुवायचा. आधी पाठ, मग पोट, शेवटी पाय. मधेच बॉनेटवर थाप मारून "उभी ऱ्हा की नीट" असं दटावायचाही.

यात निम्मा दिवस जायचा, आणि ते मालकांच्या जावयाला बघवेना. जावईबापू इंजिनिअरिंगच्या परीक्षेला दोनदा बसून आले होते. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी चित्र पाहिलं होतं. मोटार बोगद्यात मळकी शिरते आणि पलीकडून चकचकीत बाहेर पडते, माणसाचा हात लागत नाही.

"आपणही करू," ते म्हणाले. जावयाला नाही म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती.

महिनाभरात मालकांच्या आवारात विटांच्या दोन भिंती उभ्या राहिल्या. वर पत्रा, पत्र्याखाली भोकं पाडलेले पाइप, दोन्ही बाजूंना काथ्या गुंडाळलेले पुरुषभर उंचीचे लाकडी रूळ. हे सगळं फिरवायला विहिरीवरचं इंजिन काढून आणलं. पाण्याच्या टाकीत कॉस्टिक सोडा घालायचा होता.

"किती घालायचा?" मी विचारलं.

"मासिकात प्रमाण दिलेलं नाही," जावईबापू म्हणाले. "तेव्हा भरपूर घालू."

ट्रक धुताना बघायला निम्मं गाव आलं. नारळ फुटला. मी काचा चढवून आत बसलो. मामा म्हणाला, "मी भायेरच बरा."

इंजिन सुरू झालं आणि दोन्ही रूळ ट्रकवर तुटून पडले. पाच मिनिटांनी इंजिन बंद करायचं ठरलं होतं. पण जावईबापूंच्या घड्याळात पाणी शिरून ते तिसऱ्या मिनिटाला थांबलं, आणि जावईबापू पाच मिनिटं पुरी व्हायची वाट बघत उभे राहिले. मी आतून ओरडत होतो. लोकांना वाटलं, आनंदाने ओरडतोय. शेवटी विहिरीच्या इंजिनातलं तेल संपून रूळ थांबले, तेव्हा मी ट्रक बाहेर काढला.

टाळ्या वाजल्याच नाहीत. आत लाल ट्रक गेला होता, बाहेर हिरवा आला होता. मालकांचं नाव, कुलदैवताचं नाव, नंबर, सगळं वाहून गेलं होतं. दारावर मात्र पांढऱ्या अक्षरांत मिलिटरीचा जुना आकडा उमटला होता. लढाई संपल्यावर मालकांनी तो ट्रक लिलावात घेऊन रंगवला होता, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

मामाने ट्रकला एक फेरी घातली. "वस्ताद, ही आपली न्हाई," तो म्हणाला. मालक स्वतः बोगद्यात डोकावून आपला ट्रक आत राहिलाय का ते बघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर खडूने लिहून आम्ही खडकीच्या रंगाऱ्याकडे निघालो. दापोडीच्या पुढे आडरस्त्याने मिलिटरीच्या ट्रकांची रांग आली आणि आम्ही तिच्या मधोमध सापडलो. मी हॉर्न वाजवला, तर पुढच्या-मागच्यांनीही वाजवला. पुढचा ट्रक एका फाटकात वळला. पहारेकऱ्याने आम्हालाही हात दाखवून आत घेतलं.

आत एक हवालदार उभा होता. मी खाली उतरून त्याला खरं ते सांगितलं. "साहेब, गाडी आमचीच आहे. मशिनने धुतली म्हणून तुमची दिसतेय."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मशीन से धोया?" तो म्हणाला. "अब हाथ से धोओ."

बाहेरून आलेला ट्रक धुतल्याशिवाय तिथे रांगेत लागत नसे. आमच्या हातात बादल्या आणि ब्रश आले. वीस ट्रक, वीस जवान आणि आम्ही दोघं. मामाने धोतराचा काचा मारला आणि पाठीपासून सुरुवात केली. हवालदार थोडा वेळ बघत राहिला आणि मग बाकीच्यांवर खेकसला, "ऐसे! सब ऐसे!" घटकाभरात सगळी रांग आधी पाठ, मग पोट, शेवटी पाय अशी धुतली जात होती. एक जवान तर बॉनेटला थोपटतही होता.

दुपारी डाळभात मिळाला. मग एक साहेब तपासणीला आले आणि आमच्या ट्रकापुढे थांबले. "सबसे साफ," ते म्हणाले. मला एवढं बरं वाटलं की खरं सांगायचं जिवावर आलं. तरी सांगितलं.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. त्यात आमच्या ट्रकचा आकडा लिलावात गेला म्हणून लाल रेघेने खोडलेला होता. त्यांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा ट्रककडे.

"ही गाडी नाहीच," शेवटी ते चांगल्या मराठीत म्हणाले. "जी गाडी नाही, ती इथे उभी करता येणार नाही. ताबडतोब घेऊन जा."

आम्ही ताबडतोब गेलो. मामाने जाताना ब्रशासकट सलाम ठोकला. तो ब्रश आमच्याकडेच राहिला.

रंगाऱ्याने ट्रक पुन्हा लाल केला. विहिरीचं इंजिन विहिरीवर गेलं, बोगद्यात मालकीणबाईंनी कडबा भरला. घरात कोणी विषय काढत नव्हतं, पण जावईबापूंचं तोंड पार उतरलं होतं. आठवड्याभराने ते पेढे घेऊन माझ्या खोलीवर आले. एका कारखान्यात नोकरी लागली होती. पेढा देऊनही ते उंबऱ्यातच घुटमळत उभे राहिले.

"एक विचारू का? आत बसल्यावर कसं वाटलं?" ते म्हणाले. "मला बसायचं होतं हो. पण धीर झाला नाही."

"घाबरलो होतो," मी म्हणालो. "पण पाणी चहूकडून कोसळत होतं ना, तेव्हा काचेतून सगळं गाव वितळल्यासारखं दिसत होतं. छान दिसत होतं."

"हो?" ते म्हणाले, आणि मग आत येऊन बसले.